पुरंदरच्या उतारावरील पांढऱ्या फुलांचा वेल : ओळख पटवण्याचे एक प्रकरण

सप्टेंबरच्या उत्तरार्धात पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याकडील एका शाळेच्या विज्ञानशिक्षकांनी एका वेलाची छायाचित्रे पाठवून त्याचे नाव विचारले. शाळेच्या कुंपणावर स्थानिक वेल चढवावेत आणि प्रत्येकाला नावाची पाटी लावावी असा त्यांचा बेत होता, आणि हा वेल मुलांनीच शोधून काढला होता. करवंदीच्या व घाणेरीच्या जाळ्यांवर पसरलेला, पांढऱ्या फुलांनी भरलेला आणि रस्त्यावरून जाताना सहज नजरेत भरणारा असा तो होता. शिक्षकांचा आणखी एक प्रश्न होता आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा होता : काही मुली ही फुले केसांत माळू लागल्या होत्या, तर त्याला हरकत आहे का?

नावे आधीच तीन झाली होती. गावातील लोक त्याला रानजाई म्हणत. मोबाइलवर छायाचित्र दाखवून वनस्पतीचे नाव सांगणाऱ्या एका ॲपने कुसर, म्हणजे जॅस्मिनम मलाबारिकम ही रानटी जाई, असे ठामपणे सांगितले होते. शाळेतील दुसऱ्या एका शिक्षकांनी, फुलात पुष्कळ केसर दिसतात म्हणून, ही वाघाटी असावी असे सुचवले होते. यांपैकी कोणतेही नाव अगदीच निराधार नव्हते. कुसरीची फुले पांढरी असतात, तिची पाने समोरासमोर येतात आणि ती पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरांत भरपूर आढळते. वाघाटी, अर्थात कॅपारिस झेलॅनिका, हीसुद्धा झुडपांवर चढणारी वनस्पती आहे; तिला चार पांढऱ्या पाकळ्या आणि लांब पुंकेसरांचा झुबका असतो. रानजाई हे नाव तर सह्याद्रीच्या वेगवेगळ्या भागांत निरनिराळ्या वेलांना दिले जाते, त्यामुळे ते खोडून काढण्याजोगेही नव्हते आणि त्यावर विसंबण्याजोगेही नव्हते.

ऋतूचा विचार केला तर दोन नावे लगेच संशयास्पद ठरत होती. कुसर फुलते ती उन्हाळ्यात, साधारण मार्च ते मे या काळात. पावसाळा ओसरताना ती फुलांनी लगडलेली दिसणे अपेक्षित नाही. वाघाटीचा बहरही पावसाळ्यापूर्वीचा असतो, आणि म्हणूनच आषाढी द्वादशीला उपवास सोडताना वाघाट्याची भाजी करता येते, कारण तोवर फळे धरलेली असतात. तरीही फुलण्याच्या काळावरून एखादे नाव कायमचे बाद करणे मला योग्य वाटत नाही. पाऊस मागेपुढे झाला की वनस्पती अवेळी फुलतात. संशय घ्यायला ऋतू पुरतो, निकाल द्यायला शरीररचनाच पाहावी लागते.

पाठवलेल्या छायाचित्रांत शरीररचना जवळजवळ नव्हती. वेल ओळखायला आलेल्या बहुतेक छायाचित्रांचे असेच असते : फूल समोरून, अगदी जवळून, पार्श्वभूमी धूसर करून टिपलेले. अशा चित्रात रंग आणि आकार दिसतो, आणि ओळखीसाठी हीच दोन लक्षणे सर्वांत कमी भरवशाची असतात. फुलाची मागची बाजू, देठाचा जोड, पान फांदीला कुठे व कसे चिकटले आहे, वेल आधाराला कशाने धरतो, यांतील काहीच त्यात दिसत नाही. म्हणून शिक्षकांना कळवले की एक पेर, म्हणजे पाने फुटतात तो फांदीचा सांधा, आणि त्यावरील दोन्ही पाने, पानाची खालची बाजू, फुलाची मागील बाजू, न उमललेली कळी आणि वेलाने आधाराला विळखा घातलेली जागा यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि शक्य असल्यास फुले व पाने असलेली एक हातभर फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवावी. फांदी तोडताना हातमोजे घालावेत आणि चीक डोळ्याला लागू देऊ नये, हेही आवर्जून सांगितले. अनोळखी वेलाच्या बाबतीत एवढी काळजी नेहमीच घ्यावी. पुढे मी स्वतःही ती जागा पाहून आलो.

तपासणीची सुरुवात फुलापासून न करता पेरापासून केली. प्रत्येक पेरावर पाने समोरासमोर, दोन-दोन अशी होती. वाघाटीची पाने एकाआड एक असतात, साधी असतात आणि पानाच्या तळाशी मागे वळलेल्या काट्यांची जोडी असते. या वेलावर काटा औषधालाही नव्हता. वाघाटीचे नाव येथेच मिटले. पुढे पान साधे की संयुक्त, म्हणजे पर्णिका नावाच्या लहान पानांसारख्या अनेक भागांचे बनलेले, हे पाहायचे होते. हे ठरवण्याची खूण पानाच्या आकारात नसून बगलेत असते : जेथे पान फांदीला जोडलेले असते तेथे कळी किंवा कोंब असतो, पर्णिकेच्या बगलेत तो नसतो. या वेलावर कोंब जेथे होता तेथून एक लांब देठ निघत होता, आणि त्या देठावर तीन पर्णिका होत्या. काही पानांत या तीन भागांतील प्रत्येकाचे पुन्हा तीन भाग झालेले होते. पान संयुक्त होते हे निश्चित. कुसरीचे पान साधे, अंडाकृती आणि एकसंध असते, त्यामुळे तिचा पक्षही आता लंगडा पडला.

तरीही जाईच्या वंशाला इतक्यात निरोप देता येत नाही. लागवडीतील जाईची, म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरमची, पाने समोरासमोर आणि संयुक्तच असतात. जुईच्या पानातही मुख्य पर्णिकेखाली कानाएवढ्या दोन चिमुकल्या पर्णिका असतात. गावकऱ्यांचे रानजाई हे नाव वंशापुरते तरी खरे असू शकत होते. याचा निर्णय दोन गोष्टींवर होणार होता, वेलाच्या चढण्याच्या पद्धतीवर आणि फुलाच्या रचनेवर.

वेल कसा चढतो याकडे हौशी निरीक्षक सहसा दुर्लक्ष करतात, आणि ते मला नेहमीच आश्चर्याचे वाटते, कारण फुले नसतानाही, बारा महिने दिसणारे हे लक्षण आहे. जाईजुईचे खोड स्वतः आधाराभोवती पीळ घेत चढते किंवा नुसतेच झुडपांवर रेलते. कारल्याच्या वेलाला ताणे असतात. वाघाटी काट्यांच्या साहाय्याने अडकत वर जाते. पुरंदरच्या वेलाला ताणे नव्हते आणि त्याच्या खोडानेही कुठे पीळ घातलेला नव्हता. आधाराला धरले होते ते पानांच्या देठांनी. पर्णिकांना जोडणारे देठ करवंदीच्या काटकीभोवती एक-दोन वेढे घेऊन घट्ट बसले होते, आणि वेढा पडलेला भाग इतर देठांपेक्षा जाड व कडक झाला होता. पान गळून गेले तरी असा देठ आधाराला धरून राहतो. समोरासमोर येणारी संयुक्त पाने आणि पकड घेणारे देठ ही दोन लक्षणे एकत्र आली की आपल्याकडच्या रानात मनात येणारे पहिले नाव मोरवेलाचे, म्हणजे क्लेमॅटिस या वंशाचे असते. खोडावरील उभ्या खाचाही याच दिशेने बोट दाखवत होत्या.

आता फूल. उमललेले फूल तीन ते चार सेंटिमीटर रुंद, पांढरे, पसरट होते. शिक्षकांनी त्याला चार पाकळ्या मोजल्या होत्या, मुलांनी पाच, आणि दोघांचेही बरोबर होते : एकाच फांदीवर चार, पाच आणि क्वचित सहा पांढरे भाग असलेली फुले होती. संख्येतील या चढउतारामुळे अनेकांचा गोंधळ उडतो, कारण शाळेत आपण पाकळ्यांची संख्या हे कुलाचे स्थिर लक्षण म्हणून शिकतो. प्रस्तुत वेलात संख्येला फारसे महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते हे पांढरे भाग मुळात पाकळ्या आहेत का, या प्रश्नाला.

फूल उलटे करून पाहिले की या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. सर्वसाधारण फुलात पाकळ्यांच्या खाली हिरव्या निदलांचे वर्तुळ असते. येथे पांढऱ्या भागांच्या खाली काहीच नव्हते, थेट देठ सुरू होत होता. पांढऱ्या भागांची बाहेरची बाजू रेशमी, दबलेल्या लवेने भरलेली होती. कळीत त्यांच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकलेल्या होत्या, एकीवर एक चढलेल्या नव्हत्या. वर्तुळ एकच आणि तेही सर्वांत बाहेरचे असल्यामुळे ही निदले मानावी लागतात. पाकळ्या या फुलाला नाहीतच. इंग्लंडमधील बागांत भिंतींवर चढवलेल्या क्लेमॅटिसच्या मोठ्या जांभळ्या फुलांतही जे पाकळीसारखे दिसते ते निदलच असते. आपल्याकडे बोगनवेलीचा रंगही पाकळ्यांचा नसून फुलाभोवतीच्या छदांचा, म्हणजे पानासारख्या भागांचा, असतो, तेव्हा रंगीत दिसणारा प्रत्येक भाग पाकळी समजण्याची सवय मोडणे वेलांच्या अभ्यासकाला फार उपयोगाचे ठरते.

ब्लेडने फुलाचा उभा छेद घेऊन दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली तो पाहिला. फिकट पिवळसर पुंकेसर पुष्कळ होते आणि सर्व सुटे होते. ते निदलांना चिकटलेले नव्हते, निदलांच्या आत फुलाच्या अक्षावर बसलेले होते. जाईच्या कोणत्याही जातीत हे घडत नाही. जाईच्या फुलात पाकळ्या तळाशी जुळून एक अरुंद नळी बनते, नळीच्या आत दोनच पुंकेसर असतात व ते नळीच्या भिंतीलाच जोडलेले असतात, आणि नळीच्या बुडाशी लहानसा का होईना, हिरवा निदलपुंज असतो. येथे नळीही नव्हती आणि हिरवा निदलपुंजही नव्हता, तेव्हा जॅस्मिनम वंशाचा विचार या टप्प्यावर सोडून दिला. वाघाटीशी जे वरवरचे साम्य होते, चार पांढरे भाग आणि पुष्कळ केसर, त्याचाही उलगडा येथेच झाला : वाघाटीत चार निदले आणि चार पाकळ्या अशी दोन वर्तुळे असतात, आणि तिचा एकच अंडाशय लांब दांड्यावर उचललेला, केसरांच्या मधून बाहेर डोकावणारा असतो. पुरंदरच्या फुलाच्या मध्यभागी मात्र अनेक सुटी किंजदले, म्हणजे बीज धरणारे स्त्री-अवयव, होती, प्रत्येकाला आपापला लवदार कुक्षिवृंत, म्हणजे वर निघालेली बारीक दांडी, होता आणि त्या सर्वांचा एक जुडगा झालेला होता. पुष्कळ सुटे पुंकेसर आणि पुष्कळ सुटी किंजदले ही रॅननक्युलेसी कुलाची ओळख आहे, आणि पाकळ्यांचा अभावही या कुलातील अनेक वनस्पतींत आढळतो. या कुलातील बहुतेक वनस्पती जमिनीलगत वाढणाऱ्या आणि एकाआड एक पाने असलेल्या असतात. समोरासमोर पाने असणारा आणि वेलरूप घेणारा क्लेमॅटिस हा त्यात वेगळा उठून दिसतो. मराठी वनस्पतिलेखनात या कुलाला मोरवेल कुल असेच म्हणतात.

वंश ठरल्यावर जातीचा प्रश्न तसा लवकर सुटला, पण त्यासाठी एकाच पानावर विसंबणे धोक्याचे ठरले असते. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाची सुरुवातच या कुलापासून होते. 1901 ते 1908 या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे लेखक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्यांना हा परिसर परिचयाचा होता. महाराष्ट्राच्या डोंगरांत आढळणाऱ्या मोरवेलांच्या जाती वेगळ्या काढताना पर्णिकांची मांडणी, लव आणि फुलाचा आकार या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. क्लेमॅटिस गौरियानाची फुले लहान, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर, हिरवट पांढरी आणि मोठ्या फांदीदार गुच्छांत दाटीने येतात. तिचे पान पिसासारखे विभागलेले, बहुधा पाच पर्णिकांचे, वरून तुकतुकीत असते. क्लेमॅटिस हेडिसॅरिफोलियाच्या पानात तीन लांबट, टोकदार पर्णिका असतात, तळापासूनच निघणाऱ्या ठळक शिरा असतात, आणि तिची फुलेही लहानच असतात. क्लेमॅटिस वाइटियाना ही जात दाट, लोकरीसारख्या लवेवरून वेगळी कळते.

आपल्या नमुन्यातील फुले या साऱ्यांहून मोठी होती आणि पानांच्या बगलांतून थोडी-थोडी येत होती. पर्णिका अंडाकृती ते गोलसर, तळाशी किंचित हृदयाकृती आणि दोन्ही बाजूंनी रेशमी लवेच्या होत्या. त्यांतील काहींना तीन ठळक खंड होते, काही अखंड होत्या, आणि फुलांजवळची वरची पाने तर साधीच होती. एकाच वेलावर पानांचे इतके प्रकार पाहून शिक्षकांना दोन वेल एकमेकांत गुंतले असावेत असे वाटले होते, पण खालपासून वरपर्यंत एकच खोड हाताने चाचपत नेल्यावर ती शंका उरली नाही. या सर्व लक्षणांचा मेळ क्लेमॅटिस हेनेई या जातीशी बसतो. जुन्या ग्रंथांत हीच जात क्लेमॅटिस त्रिलोबा या नावाने सापडते. नव्या याद्यांत हेनेई हे नाव वापरतात. बेंजामिन हाइन या जर्मन निसर्गअभ्यासकाने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात दक्षिण भारतात वनस्पती गोळा केल्या होत्या, त्याच्या स्मरणार्थ ते आहे. दाबून वाळवलेला नमुना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहण्याची सूचना शिक्षकांना केली, कारण शाळेच्या पाटीवर जातीचे नाव लिहायचे तर ते केवळ एका माणसाच्या सांगण्यावर राहू नये.

फळाशिवाय मोरवेलाची नोंद पूर्ण झाली असे मी मानत नाही. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत त्याच वेलावर प्रत्येक फुलाच्या जागी लहान, कोरड्या, एकबीजी फळांचा पुंजका तयार झाला. फुलात जो लवदार कुक्षिवृंत दिसला होता तोच वाढून प्रत्येक फळाला पिसासारखी पांढरट शेपटी झाली होती, आणि वाऱ्याने फळे तिच्या जोरावर दूर जातात. जाई असती तर येथे रसदार, काळपट, बरेचदा जोडीने आलेली फळे मिळाली असती. ज्याला सप्टेंबरमध्ये फुलाचा छेद घेणे जमले नाही, त्याला हिवाळ्यात फळे पाहून वंश तरी बिनचूक सांगता येतो.

मुलींनी फुले माळण्याच्या प्रश्नाचे उत्तर कुलाच्या ओळखीतच दडलेले होते. रॅननक्युलेसी कुलातील अनेक वनस्पतींच्या ताज्या भागांत रॅननक्युलिन हे द्रव्य असते. पाने, खोड किंवा फुले चुरगळली की त्यापासून प्रोटोअ‍ॅनेमोनिन तयार होते, आणि ते कातडीला झोंबते, लालसरपणा आणते व जास्त वेळ संपर्क राहिला तर फोडही येतात. वाळलेल्या भागात त्याचे रूपांतर अ‍ॅनेमोनिन या तुलनेने निरुपद्रवी द्रव्यात होते. मोरवेलही याच कुलातला. ताजी फुले गुंफून, घामट मानेवर तासन् तास ठेवणे म्हणूनच टाळावे असे स्पष्ट कळवले. फूल नुसते तोडल्याने किंवा वेलाला हात लागल्याने अपाय होईल असे मात्र नाही, आणि मुलांच्या मनात वेलाची भीती भरवण्याचे काही कारण नव्हते. त्या भागात शेळ्या चारणाऱ्या एका आजींनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते : “रानजाईच म्हनतो आमी ह्याला. पन शेरडं तोंड न्हाई लावत.” शेळीने न खाणे हा ओळखीचा पुरावा होत नाही, कारण शेळ्या अनेक कारणांनी पाला सोडतात, तरी या प्रकरणात ते निरीक्षण रसायनशास्त्राशी जुळणारे होते, आणि पहिल्याच दिवशी ते कोणी नोंदवले असते तर जाईचा पक्ष इतका टिकला नसता.

कुंपणावर हा वेल लावायला हरकत नाही, असा निर्णय झाला. तारेच्या जाळीवर तो चांगला पकडेल, कारण देठांना वेढा घालण्यासाठी बारीक आधार लागतो. गुळगुळीत भिंतीवर तो चढणार नाही. मुलांचे हात सतत लागतील अशा फाटकाजवळ तो लावू नये आणि छाटणी मोठ्यांनी हातमोजे घालून करावी, एवढ्या दोन अटी घातल्या. बी पूर्ण वाळल्यावर, शेपट्या सहज सुटू लागल्यावरच गोळा करावे आणि मूळ वेलावर पुरेसे बी राहू द्यावे, असेही ठरले. पाटीवर मोरवेल हे नाव मोठ्या अक्षरांत, खाली शास्त्रीय नाव आणि त्याखाली “स्थानिक नाव : रानजाई” असे लिहायला सुचवले, गावकऱ्यांनी वेलाला दिलेले नाव पाटीवरून वगळण्याचे कारण नव्हते, ते कोणत्या वेलाचे आहे एवढे नक्की व्हायला हवे होते.

फळे पाहायला गेलो तेव्हा त्याच रस्त्याच्या वरच्या वळणावर आणखी एक मोरवेल फुललेला दिसला. त्याची फुले लहान, हिरवट पांढरी आणि दाट गुच्छांत होती, पाने पाच पर्णिकांची व वरून चकाकणारी होती. लक्षणे गौरियानाची वाटतात. त्याचा नमुना आणि पेराची, देठाच्या विळख्याची व फुलाच्या मागील बाजूची छायाचित्रे शाळेने स्वतंत्र क्रमांकाखाली ठेवली आहेत, आणि पहिल्या वेलाच्या पाटीवर त्याचा उल्लेख करू नये असे शिक्षकांना कळवले आहे.